पाच काड्यांतली एक

मुलांना शाळेच्या फाटकाबाहेर न्यायचं म्हटलं की मला भीती वाटायची. बत्तीस वर्षं शिकवलं, त्यातली बरीच वर्षं मुलांना घेऊन माळावर हिंडले, तरी ती भीती काही गेली नाही. निघताना डोकी मोजायची, ओढा ओलांडला की मोजायची, वर पोचल्यावर मोजायची आणि परतताना दोनदा. बेचाळीसची एक्केचाळीस भरली की मला दरदरून घाम. मग कळायचं, एक कार्टं झुडपाआड बसून पायातला काटा काढतंय. "बाई, तुम्ही आम्हाला शेळ्यांवानी मोजता," असं मुलं म्हणायची. म्हणेनात का. हरवलेल्या शेळीचा मालक हेडसरांच्या खोलीत येऊन टेबल बडवत नाही.

भीतीला कारणं होती. माळाच्या पायथ्याला ऊस, आणि उसात बिबट्या. वर मुरमाच्या दगडाखाली फुरसं. मी प्रत्येक पालकाकडून सहीचं पत्र घेत असे. एका बापानं त्यावर लिहिलं होतं, "मुलगा न्यावा व जसाच्या तसा आणून द्यावा." ते पत्र मी अजून जपून ठेवलंय.

माझं घर दौंडला, आमचे हे रेल्वेत होते. शाळा मात्र शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याकडच्या एका गावात. पाचवी ते दहावी. मी विज्ञानाची बाई. रोज स्कूटीवरून भीमेचा पूल ओलांडून जायचं आणि संध्याकाळी उसाच्या ट्रॉल्यांमागं धूळ खात परत यायचं. गेल्या वर्षी निवृत्त झाले. या अंकासाठी 'तुमचा एखादा यशस्वी पर्यावरण उपक्रम' लिहून द्या, असा फोन आला. यशस्वी उपक्रमांचे अहवाल मी ढिगानं लिहिलेत. ते शाळेच्या कपाटात आहेत आणि त्यातलं निम्मं खरं आहे. इथं मी लिहितेय ते कुठल्याच अहवालात नाही.

आमच्या शाळेमागं गायरान होतं, मुरमाड उतार. तिथं दर जुलैला वृक्षारोपण व्हायचं. पाहुणे यायचे, बॅनर लागायचा, गुलमोहराचं रोप खड्ड्यात उभं करून फोटो निघायचा. दिवाळीपर्यंत रोप वाळून काडी व्हायची. पुढच्या जुलैला शिपाईमामा तीच काडी उपटून तोच खड्डा साफ करायचे. पाहुणे बदलत गेले, खड्डे तेच राहिले. मीही टाळ्या वाजवल्यात त्या खड्ड्यांपुढं.

मला शहाणं केलं ते आबांनी. आबा म्हणजे आमच्या शाळेतल्या वैष्णवीचे आजोबा. अशाच एका वृक्षारोपणाला ते मागं उभे होते. कार्यक्रम संपल्यावर मला म्हणाले, "बाई, राग मानू नका. तुम्ही दरसाल हितं झाड लावता, आन् ते दरसाल मरतंय. हे झाडाचं रान न्हाईच. हे गवताचं रान हाय."

बाहेरच्या माणसाला हे पटकन कळत नाही, मलाही कळलं नव्हतं. माळ बघितला की आपल्याला वाटतं, इथं काही नाही, काहीतरी लावलं पाहिजे. पण माळ रिकामा नसतो. मारवेल, डोंगरी, पवन्या, कुसळी अशी गवतं, मधूनमधून तरवड, हेकळ, बोर, एखादा हिवर, आणि त्या गवतात चंडोल, तित्तर, ससे. तीस-चाळीस वर्षांत आम्ही त्यावर वेडी बाभूळ येऊ दिली, घाणेरी येऊ दिली, उरलेलं जनावरांनी बुडख्यापर्यंत खाल्लं. तेव्हा आमचं काम म्हणजे झाडं लावणं नव्हे. नको ते उपटायचं, आणि जे मूळचं होतं त्याचं बी आसपास जिथं उरलं असेल तिथून आणून परत पेरायचं. ऐकायला सोपं वाटतं. पहिली तीन वर्षं आम्ही नुसती वेडी बाभूळ उपटली आणि हाताला फोड आणले.

मारवेल आला, डोंगरी आलं. पवन्या काही येईना, कारण त्याचं बीच कुठं मिळेना. गावच्या शिवारात पवन्या एकाच ठिकाणी उरला होता, आबांच्या वरच्या रानात.

कॅनॉलच्या वरच्या अंगाला आबांचं दोन एकर राखलेलं गवत होतं. शेजारच्या सगळ्यांनी आपापले माळ जेसीबीनं सपाट करून कांदा, डाळिंब केलं होतं. आबांनी हात लावला नव्हता. त्यांचा एक नेम होता. बी गळून पडल्याशिवाय त्या रानात विळा लावायचा नाही. गवत तोवर वाळतं, चाऱ्याचा कस कमी होतो, लोक हसायचे. आबा हसू द्यायचे. त्यांच्याकडं अजून बैलजोडी होती, आणि बैलांना तेच गवत लागतं असं ते सांगायचे. बैलांना काही विचारलं नव्हतं कुणी, पण ते असो.

चार वर्षांपूर्वी, दसरा झाल्यावरच्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर मी नववीचा वर्ग तिथं नेला. आबा पुढं, मुलांच्या दोन रांगा मागं, शेवटी मी, आकडे पुटपुटत. गवत मुलांच्या छातीला लागत होतं. आबांनी एक काडी धरून दाखवली.

"बी वरबाडायचं न्हाई. काडी खालनं धरायची आन् हात वर न्यायचा. पिकलं आसंल तर आपसूक मुठीत येतं. न्हाई आलं तर त्याला अजून टाइम हाय, सोडून द्यायचं."

"आबा, किती घ्यायचं?"

"पाच काड्या बघायच्या. एकीचं घ्यायचं. चार रानाला सोडायच्या."

"आन् एखादी जास्त घेतली तर?"

"मंग फुडल्या वर्षी तिच्या जागी तू उगव," आबा म्हणाले. मुलं खूप हसली.

मी त्यांना शास्त्र समजावलं. आंब्याचे सगळे आंबे उतरवले तरी झाड उभं राहतं. हा पवन्या तसा नाही. दिवाळीनंतर तो मुळासकट वाळून जातो, आणि पुढच्या पावसात जे काही येतं ते फक्त गळलेल्या बियांतून. म्हणजे बी नाही तर गवत नाही. हे मी फळ्यावर चित्र काढूनसुद्धा सांगितलं होतं, म्हणून पुढं जे झालं त्याला मला सबब नाही.

बेचाळीस मुलांनी पाचातली एक अशा हिशेबानं गोळा केलं ते बी अर्धं पोतं भरलं. गवताचं बी म्हणजे कुसळं आणि भुसा, पोतं दिसायला मोठं, वजनाला काही नाही. मला धास्ती लागली. गायरानाला एवढंसं कसं पुरणार? तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन तोंडावर, हेडसर रोज विचारतायत. आणि शाळेत एक गोष्ट आम्हा शिक्षकांच्या रक्तात भिनलेली असते: मुलांकडून काही करून घ्यायचं तर स्पर्धा लावायची. रांगोळी, हस्ताक्षर, नखं कापणं, सगळ्याला स्पर्धा. सोमवारी प्रार्थनेला मी जाहीर केलं, येत्या शनिवारपर्यंत पवन्याचं जास्तीत जास्त बी जो आणेल त्याला बक्षीस. पाणी गार ठेवणारी स्टीलची बाटली, आणि प्रमाणपत्र.

मला वाटलं, मुलं कॅनॉलच्या कडेला, टेकडीच्या मागं, कुठं कुठं शोधतील. आबांच्या रानातून आणू नका, असं मी बोलले नाही. ते मला सुचलंच नाही.

शनिवारी अकरा पोती आली. खिचडीच्या तांदळाचा वजनकाटा व्हरांड्यात आणला होता. माझा आनंद पाच मिनिटं टिकला. पोत्यांपुढं मुलांना उभं करून फोटो काढला, ग्रुपवर टाकला, हेडसरांचा अंगठा आला. मग मी विचारलं, एवढं मिळालं तरी कुठं?

मुलं एकमेकांकडं बघायला लागली. शेवटी वैष्णवी म्हणाली, "आमच्याच रानातनं, बाई. दुसरीकडं न्हाईच ना कुठं."

"आणि आबा?"

"आबा पुण्याला आत्याकडं गेलेत. डोळ्याचं ऑपरेशन हाय."

मी तशीच स्कूटी काढली. रानात गवत उभं होतं, वाऱ्यावर हलतही होतं, पण एकाही काडीला शेंडा नव्हता. मी पाच-पाच काड्या धरत गेले. पाचही रिकाम्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत पोरांनी एकही सोडली नव्हती. मन लावून काम केलं होतं बिचाऱ्यांनी.

परत आले तर मुलं रडवेली होऊन बसली होती. तेव्हा मी एक वाक्य बोलले. "आबांना तुम्ही कुणी काही सांगायचं नाही. मी सांगते."

बाटली मी कुणालाच दिली नाही. ग्रुपवरचा फोटो काढून टाकला.

आबा परतले ते काळा चष्मा लावून. महिनाभर उन्हात जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तोवर मजुरांनी गवत कापून गंज रचली. काडीला बी होतं की नव्हतं हे वाळल्या गंजीवरून कुणाला कळणार? मी चार दिवसांनी त्यांना भेटायला गेले. म्हणाले, "बाई, आता लांबचं ब्येस दिसतंय. पोरांनी बी नेलं ना व्यवस्थित?" मी म्हटलं, "हो." त्यांच्या डोळ्याला त्रास नको, बरे झाल्यावर सांगू. मग दिवाळी आली, सणात कशाला. मग त्यांना खोकला झाला. मग मला परीक्षेचे पेपर आले. मी मुलांच्या सबबी बत्तीस वर्षं ऐकल्यात, माझ्या त्यांच्यापेक्षा बऱ्या नव्हत्या.

जानेवारीत पालक सभेला दत्ता आला. दत्ता म्हणजे आबांचा मुलगा, वैष्णवीचा बाप. रांजणगावच्या एका कंपनीत होता, शिफ्ट संपवून युनिफॉर्मवरच आलेला. सभा झाल्यावर थांबला.

"बाई, आबांना तुम्हीच जरा समजवा. कंपनीची बस आता आपल्या फाट्यावर येतीय. माणसं खोल्या हुडकत हिंडत्यात. वरच्या रानात धा-बारा खोल्या निघत्याल. पर आबा म्हणत्यात, गवत येतंय तवर रानाला हात लावायचा न्हाई."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हणलं, बरं. शब्द दिला. पर मी बी शब्द घेतला त्यांच्याकडनं. ज्या वर्षी गवत न्हाई येणार, त्या वर्षी मला अडवायचं न्हाई. पोळ्याला दोघांनी जाऊन बघायचं ठरलंय." आणि तो हसला. "फसलो मीच. गवत यायचं थांबतंय व्हय कधी?"

मी पाणी प्यायले. घरी पोचेपर्यंत रस्ता कसा सरला ते मला आठवत नाही. भीमेच्या पुलावर मागून ट्रकनं जोरात हॉर्न दिला तेव्हा कळलं, मी रस्त्याच्या मधोमध चालले होते.

त्या दिवसापासून माझा जीव त्या पोत्यांत अडकला. कुरणाचा अभ्यास केलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, "ताजं बी लगेच उगवत नाही, त्याला एक उन्हाळा जाऊ द्या. कापडी पिशव्यांत हवेशीर ठेवा, प्लॅस्टिकमध्ये अजिबात नको." पोती तर बहुतेक खताची, प्लॅस्टिकची. धावत जाऊन उघडली. तीन आतून बुरसली होती, हात घातला तर ओलसर, वास येणारं. ती टाकली. उरलेलं बी जुन्या चादरींच्या पिशव्या शिवून त्यांत भरलं आणि प्रयोगशाळेच्या वाशाला टांगलं. आठ पिशव्या. मे महिन्याच्या सुट्टीत मी दर चार दिवसांनी दौंडहून शाळेत जात होते, उन्हातान्हात, पिशव्यांना उंदीर लागलाय का ते बघायला. आमचे हे म्हणाले, "एवढी माझ्या रक्तदाबाची काळजी केली असतीस तर." मी ऐकून घेतलं.

आणि वैष्णवी. बडबडी पोर होती. वर्गात तिला गप्प बसवायला मला खडूचा तुकडा मारावा लागे. दिवाळीनंतर ती खाली मान घालून बसायला लागली. मी ते बघत होते. तिच्या घरी रोज संध्याकाळी काय होत असेल, याचा विचार मी टाळत होते.

मृगाच्या तोंडावर टाळण्यासारखं काही उरलं नाही. बी त्याच रानात परत पेरायचं तर आबांची परवानगी हवीच होती. आबा गोठ्यात बसून दावं वळत होते. मी पालथ्या घमेल्यावर बसले आणि सगळं सांगून टाकलं. बाटली, स्पर्धा, अकरा पोती, माझं खोटं. त्यांचा हात थांबला नाही.

"किती ऱ्हायलंय बी?"

"आठ पिशव्या."

"आन् रानात?"

"काहीच नाही, आबा. एकपण काडी सोडली नव्हती."

त्यांनी वैष्णवीला हाक मारली. ती दारात येऊन उभी राहिली.

"तुला ठावं व्हतं?"

"व्हय. बाई म्हणल्या व्हत्या, त्या सांगत्याल."

आबांनी दावं खाली ठेवलं. मग माझ्याकडं न बघता बोलले, "बाई, गवताचं काय, यील न्हाईतर न्हाई येणार. ही पोर दिवाळीपास्नं माझ्यासंगं नीट बोलंना. ताट वाढायची आन् आत जायची. मी म्हणलं, मोठी झाली, न्हाईतर माझंच काय चुकलं आसंल. म्हातारा मानूस कुनाला इचारणार? तुम्ही तिच्या तोंडाला कुलूप घातलं व्हतं व्हय."

मला रडू आलं. मुलांच्या वह्यांत हजारो चुका मी लाल शाईनं गोल केल्यात, माझ्या या चुकेला कुठं गोल करायचा ते मला कळेना. आबा वैष्णवीला म्हणाले, "बाईंना पानी दे." तिनं तांब्या आणला आणि आबांच्या शेजारी जमिनीवर बसली, अगदी टेकून.

पेरायला तीच मुलं, आता दहावीत गेलेली. बाभळीची काटेरी फांदी ओढून आधी मुरूम खरवडायचा, वाळलेलं शेण कुटून बियांत मिसळायचं आणि मूठमूठ टाकत जायचं. शेण नसलं तर बी वाऱ्यावर जातं, नाहीतर मुंग्या नेतात. माझं म्हणणं, आठही पिशव्या इथंच टाकू. आबा म्हणाले, "निम्मं. निम्मं ठिवा. पावसाचा भरवसा न्हाई." मी ऐकलं. चार पिशव्या पेरल्या, चार परत वाशाला टांगल्या. त्या दिवसापासून आजपर्यंत, आठही पेरल्या असत्या तर काय झालं असतं, हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे.

नंतरचे तीन महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. उगवलं तर खरं, सगळं रान हिरवं झालं. पण कोवळेपणी पवन्या कोणता आणि तण कोणतं हे मला ओळखता येत नव्हतं. विज्ञानाची बाई, आणि गवतापुढं ढ. आम्ही दोरीचे चौकोन टाकून दर शनिवारी मोजायचो. दत्ताला वाटायचं, शाळेचाच काही उपक्रम चाललाय. आबा गुडघ्यावर बसून पात बोटांत चोळून सांगायचे, हे हाय, हे न्हाई. 'न्हाई' फार वेळा यायचं. मग पावसानं ओढ दिली. दोन आठवडे, अडीच आठवडे. मी आभाळाकडं इतकी बघत होते की मान धरली. उताराच्या वरच्या अंगाचे कोंब पिवळे पडून बसले. पाऊस परत आला तेव्हा त्या जागी टाकळा माजला.

आमच्याकडं बैलपोळा भाद्रपदात असतो. दत्तानं सुट्टी काढली होती. बैलांची पूजा झाली, आणि आबा, दत्ता, वैष्णवी आणि मी असे चौघं वर गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, मी सकाळपासूनच तिथं होते.

दत्ता सगळं रान फिरला. घाई केली नाही. मध्येच वाकायचा, आबांना विचारायचा, हे हाय का ते? खालच्या बाजूला पवन्या चांगला आला होता, तुरे बाहेर पडत होते. मधे तुरळक. वर काही नाही. तो परत येऊन आबांसमोर उभा राहिला.

"मला काय त्यातलं कळत न्हाई, आबा. तुम्हीच सांगा. गवत आलं म्हणायचं का न्हाई म्हणायचं?"

आता मी बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. "दत्ता, यात माझी चूक..." एवढं बोलले आणि आबांनी माझ्या हातावर हात ठेवला, जोरात.

"तिसरा हिस्सा आलाय," आबा म्हणाले. "न्हाईच म्हणायचं."

दत्तालाही ते अपेक्षित नसावं. "मंग..."

"मंग काय. शब्द दिलाय. फकस्त आलंय तेवढ्याचं बी पिकू दे."

"दसऱ्यानंतर लावतो जेसीबी," दत्ता म्हणाला आणि उतरायला लागला.

वैष्णवी त्याच्या मागोमाग गेली. मी आबांना विचारलं, मला का बोलू दिलं नाही. ते म्हणाले, "त्याला कळलं म्हंजी पोरीचं नाव निघणार. तिनं रान दावलं, तिनं लपवलं. दहावीचं वर्स हाय तिचं. गप ऱ्हावा आता." एका पोरीला मी गप्प बसवलं होतं, आता तिच्यासाठी मला गप्प बसायचं होतं. मी मान हलवली.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी आम्ही शेवटचे गेलो. हेडसर नको म्हणत होते, दहावीचा वर्ग, जादा तास बुडतात. मी पहिल्यांदा त्यांचं ऐकलं नाही. जेसीबी रानाच्या तोंडाशी आणून लावलेला होता, ड्रायव्हर आला नव्हता. मुलं दोन रांगांत उभी राहिली. मी मोजली. आबा काठी टेकत पुढं आले.

"पोरांनो, आज सगळं घ्या. एकबी मागं ठिवू नका."

मुलं रानात शिरली. वर्षभर मी त्यांच्या डोक्यात एकच घातलं होतं, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगावं असं. पाचातली एक. आता ती एक काडी ओरपत होती आणि पुढच्या चार हातानं बाजूला सारून पुढं जात होती. मुद्दाम कुणी करत नव्हतं. हातच तसे चालत होते. मागं उभं गवत तसंच राहत होतं, भरल्या शेंड्यांचं.

"आरं, सगळं म्हणलं ना," आबा म्हणाले.

मुलं थांबली आणि माझ्याकडं बघायला लागली. बेचाळीस जण. आबांचं बोलणं त्यांना कळलं होतं, पण त्यांना ते माझ्याकडून ऐकायचं होतं. ज्या रानात मी म्हटलं नसताना त्यांनी सगळं ओरबाडलं होतं, तिथंच आता मला म्हणायचं होतं. आबा वाट बघून स्वतःच वाकले आणि हाताला लागेल ती काडी ओरपायला लागले. मग मी म्हटलं, "घ्या रे. सगळं घ्या." आणि मीही वाकले.

दुपारपर्यंत रान रिकामं झालं. सोमवारी ते सपाट झालं होतं.

आता तिथं बारा खोल्या आहेत. माणसं कंपनीत जातात, त्यांची मुलं आमच्याच शाळेत येतात, त्यातली दोघं-तिघं तर फार हुशार आहेत. ते बी आणि टांगलेल्या चार पिशव्या आम्ही पुढच्या वर्षी गायरानात टाकल्या. पवन्या आलाय. दाट नाही, पण दरवर्षी थोडा पुढं सरकतो. मी निवृत्त झाले तरी जाते बघायला. नव्या बाई मुलांना घेऊन येतात, आणि त्या मुलांना मोजत नाहीत, त्यामुळे मलाच मोजावं लागतं.

आबा दोन वर्षांपूर्वी गेले. मागच्या महिन्यात न्हावऱ्याच्या पेट्रोल पंपावर दत्ता भेटला. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाला, "बाई, तुम्ही विज्ञानाच्या. एक इचारू? एवढी वर्सं न चुकता येणारं गवत त्याच वर्षी कसं काय आलं न्हाई? आबांनी कधी सांगितलं न्हाई. मला उगाच वाटतं, माझ्या मनात खोल्या व्हत्या म्हून तर..." आणि तो थांबला.

"पावसानं ओढ दिली होती त्या वर्षी," मी म्हटलं.

ओढ दिली होती, ते खरंच होतं. दत्तानं मान हलवली आणि गाडी चालू केली.

रात्रभर मला झोप लागली नाही. सकाळी वैष्णवीला फोन केला. ती आता पुण्यात नर्सिंगला आहे. तिला सांगितलं, तुझे पप्पा असं असं बोलले. हे अंकासाठी मी लिहितेय, पण छापून आलेलं वाचून त्यांना कळावं हे बरं नाही. आधी मी घरी जाऊन सांगावं म्हणते. त्यात तुझं नाव येईल.

ती ड्यूटीचे वार पुटपुटत मोजायला लागली.

"रविवारी जा, बाई," ती म्हणाली. "मी बी येते."